खोक्यावर काय लिहिलंय ते सोडा

भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला, हे आपण शाळेत मोठ्या अभिमानाने शिकतो. तो गोव्यासाठी निघालाच नव्हता, ही गोष्ट मात्र त्या धड्यात घाईघाईने उरकलेली असते. १५५६ साली पोर्तुगालहून निघालेलं ते यंत्र अ‍ॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला जायचं होतं. वाटेत जहाज गोव्याला लागलं, पुढे जाण्यात अर्थ नाही असं दिसू लागलं, आणि यंत्र इथेच राहिलं. जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात ते बसवलं गेलं. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' राचोलला छापलं गेलं तेव्हा भाषा मराठी होती आणि लिपी मात्र रोमन. कारण साधं होतं. देवनागरीचे खिळे नव्हते. यंत्राला मराठीचं वावडं नव्हतं, शाई आणि कागद तर कुठल्याच लिपीचे नसतात. अडलं होतं ते मधल्या एका दुव्यापाशी.

संगणकाच्या भाषेत या मधल्या दुव्याला ड्रायव्हर म्हणतात. ज्या यंत्रावर आपलं नाव कोणी लिहिलेलं नाही, ते आपलंसं करून वापरायचं, हा खटाटोप मला जवळून पाहायला मिळाला तो गोव्यात नव्हे, हैदराबादच्या कुकटपल्लीत. म्हणून आजचं लिखाण तिथून.

सोलापूरच्या बाजूने हैदराबादला जाणारी बस मियापूर ओलांडून शहरात शिरते तेव्हा लागतं ते कुकटपल्ली. हायवेच्या एका अंगाला हाउसिंग बोर्डाची अवाढव्य कॉलनी. सगळं जग तिला केपीएचबी म्हणतं. जवळच जवाहरलाल नेहरू टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी, १९७२ ची. ही युनिव्हर्सिटी म्हणजे नुसता कॅम्पस नव्हे. २००८ साली तिचे तुकडे होईपर्यंत अख्ख्या आंध्रातली शेकडो इंजिनीअरिंग कॉलेजं तिला जोडलेली होती. दुसऱ्या बाजूला थोडं आत गेलं की हायटेक सिटी. तिथल्या सायबर टॉवर्सचं उद्घाटन १९९८ च्या नोव्हेंबरात वाजपेयींनी केलं, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही आपलं भारतातलं डेव्हलपमेंट सेंटर हैदराबादेतच उघडलं. या दोन टोकांच्या मध्ये केपीएचबीच्या गल्ल्या. हॉस्टेलं, मेस, झेरॉक्सची दुकानं, 'सी, सी प्लस प्लस, जावा' असे फळे लावलेले क्लास, आणि एका खोलीत चौघं-पाचजण वर्गणी काढून घेतलेलं एक मशीन.

हे मशीन ब्रँडेड असायचं नाही. सिकंदराबादला पार्कलेनच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये जायचं, तिथल्या दहा दुकानांत भाव काढायचे, मदरबोर्ड एकाकडून आणि हार्डडिस्क दुसऱ्याकडून घ्यायची, आणि बॉक्स मांडीवर घेऊन बसने परत यायचं. सुट्ट्या इलेक्ट्रॉनिक वस्तू हव्या असल्या तर कोटीची गुजराती गल्ली. (आपल्या मराठी लोकांची शंभर वर्षांहून जुनी विवेकवर्धिनी संस्था तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण ती वेगळीच कथा.) दुकानदार मशीन जोडून, चालू करून दाखवायचा ते विंडोजवर, आणि त्या विंडोजचं लायसन्स कुठे आहे हे विचारण्याची पद्धत नव्हती. लिनक्सचं नाव काढलं की दखनीत ठरलेलं उत्तर मिळे, "विंडोज की गॅरंटी है भाई, लिनक्स की बात नक्को करो." हा 'नक्को' आपल्याच मराठीतून तिकडे गेलेला, त्यामुळे नकार असूनही कानाला गोड लागायचा.

मग लिनक्स हवं कशाला? एक कारण अभ्यासाचं. सिलॅबसमध्ये युनिक्स होतंच, पुढे तर 'लिनक्स प्रोग्रॅमिंग' नावाचा विषयच आला. कॉलेजच्या लॅबमधला वेळ पुरत नसे, तेव्हा सराव खोलीवरच. दुसरं कारण स्वस्ताईचं. 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत १९९६ पासून लिनक्सची सीडी येऊ लागली होती. एका अंकाच्या किमतीत पूर्ण ऑपरेटिंग सिस्टम, तीही राजरोस! या उपक्रमामागे होते बेळगावशी नातं असलेले अतुल चिटणीस (१९६२–२०१३). भारतात लिनक्स घरोघर पोचवण्याचं श्रेय एका माणसाला द्यायचं झालं तर मी त्यांना देईन. त्यांच्या पहिल्या सीड्यांवर किती जणांची हार्डडिस्क पुसली गेली असेल ते सोडा.

आता या खोक्यांवरच्या लेबलांविषयी. 'डिझाइन्ड फॉर विंडोज' असा चौकोनी स्टिकर तुमच्याही जुन्या मशीनवर असेल. पुष्कळांना वाटतं की त्याचा अर्थ 'इतर कशावर चालणार नाही'. तसा तो मुळीच नाही. उत्पादकाने आपली वस्तू ठरलेल्या चाचण्यांतून नेली आणि मायक्रोसॉफ्टकडून ते चिन्ह लावायची परवानगी मिळवली, एवढंच तो सांगतो. लिनक्सबद्दल तो होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. बोलतच नाही. आणि लिनक्सच्या बाजूने असा स्टिकर देणारं कोणी एक कार्यालयच नव्हतं. रेड हॅट, सुसे, पुढे उबुंटू, यांच्या आपापल्या प्रमाणित मशीनच्या याद्या होत्या, पण त्यांत मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर आणि महागडे लॅपटॉप. चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये जोडलेला डबा त्या याद्यांत कुठून येणार?

मुळात लिनक्सचा जन्मच बिनलेबलाच्या यंत्रावर झाला. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनुस तोरवाल्ड्सने ते लिहिलं ते स्वतःच्या ३८६ मशीनसाठी, आणि ऑगस्टमध्ये जाहीर करताना स्वतःकडे होती त्या जातीची हार्डडिस्क सोडून इतर काही यावर चालेलसं वाटत नाही, असं सांगूनच ठेवलं. पुढे ज्याच्याकडे जे कार्ड होतं त्याने त्याचा ड्रायव्हर लिहिला. नेटवर्क कार्डांचंच बघा. नासात काम करणाऱ्या डोनाल्ड बेकरला १९९४ च्या सुमारास साध्या ४८६ मशीन जोडून स्वस्तातला महासंगणक उभा करायचा होता. त्यासाठी त्याने बाजारातल्या एकेका इथरनेट कार्डाचे ड्रायव्हर लिहून काढले. त्याची गरज अमेरिकेतली, पण तीच जातकुळी पुढे रिअलटेकच्या ८१३९ या चिपपर्यंत आली. ही चिप म्हणजे स्वस्तातली स्वस्त. फ्रीबीएसडीच्या ड्रायव्हर-लेखकाने तर आपल्या कोडमध्येच तिची यथेच्छ टिंगल केली आहे. पण ती चालायची! हैदराबादच्या बाजारातलं सर्वांत हलकं कार्ड लिनक्सवर पहिल्या फटक्यात चालायचं, आणि भारी किमतीचं, चकचकीत खोक्यातलं कार्ड तोंड फिरवून बसायचं. किंमत, नाव आणि स्टिकर या तिन्हींवरून काही कळत नाही, हा धडा मुलं इथे शिकली.

सगळ्यात मोठं दुखणं होतं मोडेमचं. ते दिवस डायल-अपचे. जुना मोडेम हा स्वतःच एक छोटा संगणक असे. आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करण्याचं काम त्याच्या पोटातल्या प्रोसेसरचं, आणि आपल्या मशीनशी तो सीरियल पोर्टवरून ठरावीक, सर्वांना ठाऊक असलेल्या आज्ञांत बोलायचा. नव्वदीच्या उत्तरार्धात उत्पादकांच्या लक्षात आलं की मशीनचा मुख्य प्रोसेसर आता बऱ्यापैकी वेगवान झालाय, तर हे गणित त्याच्याकडूनच करून घ्यावं. मग मोडेमच्या कार्डावर उरलं काय, तर फोनची खाच आणि सिग्नल इकडून तिकडे करणारी एक चिप. बाकी सगळा मोडेम विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये! याला लोक 'विनमोडेम' म्हणू लागले. किंमत एकदम खाली आली आणि आपल्याकडच्या जोडलेल्या मशीनमध्ये हाच सर्रास बसला. लिनक्स टाकलं की तो मेलेला. बिघडला नव्हता, पण त्याचा अर्धाअधिक देह विंडोजमध्येच राहिला होता.

पुढची गंमत ऐकण्यासारखी आहे. या चिपा बनवणारे मोजकेच. ल्यूसंट, कोनेक्झंट, मोटोरोला, स्मार्टलिंक. काहींनी लिनक्ससाठी अर्धबंद ड्रायव्हर दिले, म्हणजे आतला गाभा झाकलेला आणि बाहेरचं आवरण उघडं. कोनेक्झंटच्या चिपांसाठी लिनक्संट नावाच्या कंपनीने ड्रायव्हर काढला, पण फुकट आवृत्तीचा वेग १४.४ किलोबिटवर बांधून ठेवला. ५६ चा पूर्ण वेग हवा तर पैसे मोजा. २००४ साली याच ड्रायव्हरमधली एक चलाखी उघडकीला आली. लिनक्सचा कर्नल प्रत्येक ड्रायव्हरला त्याचा परवाना विचारतो. बंद परवान्याचा असेल तर तशी नोंद करून ठेवतो, म्हणजे पुढे काही बिघडलं तर दोष कुठे शोधायचा ते कळावं. या ड्रायव्हरने उत्तरात आधी 'जीपीएल' हा खुला परवाना लिहिला, त्यापुढे एक शून्य अक्षर टाकलं, आणि त्यानंतर हा परवाना अमुक एवढ्याच फायलींपुरता आहे असं लिहिलं. सी भाषेत शून्य अक्षर म्हणजे पूर्णविराम. कर्नल 'जीपीएल' एवढंच वाचून थांबायचा! 'नरो वा कुंजरो वा' म्हणताना धर्मराजाचे पुढचे शब्द शंखनादात बुडाले, त्यातलाच हा प्रकार.

खोलीवर याचा उपाय दोनच. एक तर सीरियल पोर्टला लावायचा बाहेरचा मोडेम घ्यायचा. तो महाग, पण कुठेही चालणारा. किंवा आतल्या कार्डावरच्या चिपचा नंबर शोधायचा आणि कोणी तिच्यावर काम केलंय का ते पाहायचं. हा नंबर पाहणं हेच खरं कसब. प्रत्येक पीसीआय कार्डाच्या पोटात दोन आकडे कोरलेले असतात, एक बनवणाऱ्याचा आणि एक वस्तूचा. 'एलएसपीसीआय' ही एक आज्ञा दिली की मशीनमधल्या सगळ्या कार्डांचे आकडे पडद्यावर येतात. खोक्यावर काही लिहिलेलं असो, चिप आपलं कूळ लपवत नाही. केपीएचबीतल्या मुलांच्या वह्यांच्या मागच्या पानावर मी असे आकडे पाहिले आहेत. अमुक दुकानातलं अमुक कार्ड, चिप ही, आवाज येतो, माइक चालत नाही. ती वही मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रमाणपत्रांपेक्षा भरवशाची होती, कारण ती लिहिणाऱ्याने स्वतःचे पैसे घालून अनुभव घेतलेला होता. एक सावधगिरी मात्र लागे. तेच नाव, तोच मॉडेल नंबर, तेच खोकं, आणि आत चिप बदललेली. खालच्या बाजूला बारीक अक्षरात 'व्हर्जन २' एवढाच फरक. वायरलेसच्या यूएसबी दांड्यांनी तर हा खेळ पुढे वर्षानुवर्षं खेळला.

प्रिंटरचंही तेच. झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसणारा एचपीचा लेझरजेट १०२० घ्या. दर वेळी बटण दाबलं की त्याची पाटी कोरी. स्वतःचा प्रोग्रॅम साठवून ठेवायला त्याच्याकडे जागाच नाही, म्हणून तो मशीनकडून दर वेळी नव्याने भरून घ्यावा लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस लिनक्सवर तासभर डोकं आपटत बसायचा. ते ठाऊक करून घेऊन, कंपनीच्या मदतीशिवाय, त्याच्यासाठी आणि त्याच्या भावंडांसाठी ड्रायव्हर लिहिला तो रिक रिचर्डसन नावाच्या गृहस्थाने. जगभरातल्या किती सरकारी कचेऱ्यांतली पत्रं त्या एका माणसाच्या कोडमधून छापली गेली असतील!

हैदराबादला दुसऱ्याचं यंत्र आतून समजून घेण्याची सवय तशी जुनीच. १९७८ साली आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला तेव्हा देशभर बसवलेल्या त्यांच्या मशीनची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. सिकंदराबादला तिचं संशोधन केंद्र होतं. बनवणारा निघून गेला म्हणून यंत्र भंगारात काढायचं नसतं, हे तिथल्या आधीच्या पिढीने करून दाखवलेलं होतं. केपीएचबीतल्या पोरांना ही परंपरा ठाऊक असेल असं मला वाटत नाही, पण हवेत काहीतरी उतरत असावं.

या वह्या पुढे एकत्र आल्या. २००५ साली हैदराबादेत 'स्वेच्छा' नावाने मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. आपण मराठीत 'स्वेच्छा' म्हटलं की 'स्वेच्छानिवृत्ती' आठवते, तेलुगूत मात्र याचा सरळ अर्थ स्वातंत्र्य. तेलुगूत चालणारी ऑपरेटिंग सिस्टम घडवणं हे तिचं पहिलं काम, आणि इंजिनीअरिंग कॉलेजांत लिनक्स वापरणाऱ्या मुलांचे गट बांधणं हे दुसरं. लहान मुलांसाठी 'बाल स्वेच्छा' निघालं, झोपडवस्त्यांत शिकवणीची केंद्रं चालली. अशा गटांचा आवडता कार्यक्रम म्हणजे इन्स्टॉलेशनचा मेळा. ज्याचं मशीन अडलंय त्याने ते घेऊन यायचं आणि सगळ्यांनी मिळून ते सोडवायचं. दिवसाअखेरीस चार मशीन अडलेलीच राहायची, आणि त्यांतली तीन वायरलेसमुळे. ब्रॉडकॉमच्या चिपा हे त्या काळातलं कुप्रसिद्ध प्रकरण. कंपनी माहिती देईना, तेव्हा काही जणांनी विंडोजचा ड्रायव्हर न्याहाळून त्या चिपेचं वागणं कागदावर उतरवलं, दुसऱ्यांनी तो कागद वाचून नवा ड्रायव्हर लिहिला, आणि २००६ साली तो कर्नलमध्ये आला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये.

गोव्यात असं काही झालंच नाही असं समजू नका. २००० नंतरच्या वर्षांत गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने परदेशातून वापरलेले संगणक आणून शाळांना दिले आणि त्यांवर लिनक्स चढवलं. आपल्या इथल्या लिनक्स गटाच्या मंडळींनी त्याला हातभार लावला. फ्रेडरिक नोरोन्हा यांनी त्या काळात यावर भरपूर लिहिलं, पण इंग्रजीत. मराठी वर्तमानपत्रांना त्यात बातमी दिसली नसावी. कल्पना करा, परक्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले डबे, प्रत्येकात वेगळं कार्ड, कशाचंच मॅन्युअल नाही, आणि ते खेड्यातल्या शाळेत चालते करायचे. तिथे स्टिकर वाचून काय होणार होतं? मला विचाराल तर त्या प्रकल्पाचा इतिहास कोणीतरी मराठीत नीट लिहायला हवा.

लेबल पुढे नुसतं लेबल राहिलं नाही, ही गोष्टही सांगायला हवी. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हा त्याचा स्टिकर हवा असणाऱ्या मशीनवर 'सिक्युअर बूट' चालू असणं बंधनकारक झालं. ज्या सॉफ्टवेअरवर ओळखीची डिजिटल सही नाही ते मशीन सुरूच होऊ द्यायचं नाही, असा तो पहारेकरी. उद्देश व्हायरस रोखण्याचा, पण सही ओळखायची ती मुख्यतः मायक्रोसॉफ्टची. साध्या पीसीवर हा पहारा मालकाला बंद करता आला पाहिजे, अशी अट तेव्हा होती. २०१५ च्या विंडोज १० पासून तीही उत्पादकाच्या मर्जीवर गेली. लिनक्सवाल्यांनी तोडगा काढला. मॅथ्यू गॅरेटने 'शिम' नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम केला, त्यावर मायक्रोसॉफ्टचीच सही घेतली, आणि त्याच्या बोटाला धरून बाकीचं लिनक्स आत शिरू लागलं. काहींना यात लाज वाटली, मला तरी कौतुक वाटलं.

मायक्रोसॉफ्टही तोवर तीच उरली नव्हती. २००१ साली ज्यांच्या बड्या साहेबांनी लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं, त्यांनीच २००९ मध्ये लिनक्सच्या कर्नलला सुमारे २०,००० ओळींचे ड्रायव्हर दिले, आणि २०१४ साली हैदराबादेत जन्मलेल्या, तिथल्याच बेगमपेटच्या शाळेत शिकलेल्या सत्या नडेलांनी 'आमचं लिनक्सवर प्रेम आहे' असं जाहीर केलं.

आणि आता पारडं असं फिरलंय की हसावं की रडावं कळत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायचं तर टीपीएम २.० हवं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर हवा. म्हणजे २०१७ च्या आधीची बहुतेक मशीन, ज्यांच्यावर अजून 'विंडोज'चा स्टिकर चिकटलेला आहे, ती विंडोजच्याच यादीतून बाहेर! आपल्या पंचायतींत, शाळांत, वाचनालयांत असे किती डबे असतील ते नजर फिरवून पाहा. त्यांतल्या बहुतेकांवर आजचं लिनक्स काही न करता चालतं, कारण त्यांतली एकेक चिप कोणीतरी आधीच उलगडून ठेवलेली आहे.

तुमच्याकडे असं मशीन असेल तर विकण्याआधी एवढं करा. पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवून घ्या आणि हार्डडिस्कला हात न लावता त्यावरूनच मशीन सुरू करा. वायफाय लागतो का, आवाज येतो का, माइक चालतो का, झाकण मिटून उघडलं की पडदा परत येतो का, आणि प्रिंटर जोडून एक पान निघतं का ते पाहा. काही अडलं तर चिपेचा नंबर वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा. दुकानदाराला विचारायला जाऊ नका, तो अजूनही 'नक्को'च म्हणेल.